ड्रायर, वेटर आणि मोंढ्यातलं इंग्रजी: आठवडा सहावा

रोज रात्री इंग्रजीत दहा वाक्यं लिहायचा नेम या आठवड्यात दोनदा मोडला. सोयाबीनची आवक वाढली की घरी यायलाच नऊ वाजतात.

मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीवर हिशोब लिहितो, म्हणून वाक्यंही तिथलीच सुचतात. सोमवारी हैदराबादच्या खरेदीदाराला दोन ढीग दाखवत झोकात म्हणालो, "धिस सोयाबीन इज ड्राय दॅन दॅट." त्यानं मूठभर दाणे उचलले, एक दाताखाली कटकन फोडला, मान डोलावली. सौदा झाला. रात्री तेच वाक्य वहीत उतरवलं, तर सातवीतली लेक म्हणते, "पप्पा, ड्राय नाही, ड्रायर." म्हटलं, ते तर केस वाळवायचं मशीन! उच्चार एकच आहे. फक्त विशेषणात शेवटच्या वायचा आय होतो, मशीनच्या नावात बहुधा वायच राहतो. हेवीचं हेव्हियर होतं ते त्याच नियमानं.

चुकीचं मूळ मात्र सापडलं. मराठीत सगळा भार 'पेक्षा' उचलतो. 'हे त्याच्यापेक्षा कोरडं' म्हणताना 'कोरडं' जागचं हलत नाही. इंग्रजीत एकट्या दॅननं भागत नाही, विशेषणालाही शेपूट लावावं लागतं. आणि एकच. मी महिनाभर 'मोअर बेटर' म्हणत होतो, म्हणजे पोत्याला दोनदा शिवण.

शेपूट लावताना वेट (म्हणजे ओलं), बिग, थिन यांचं शेवटचं अक्षर दुप्पट होतं, कारण त्याआधी एकच स्वर आहे. चीपमध्ये ई-ए असे दोन स्वर आहेत, म्हणून चीपरला एकच पी. एक्स्पेन्सिव्हसारख्या लांबलचक शब्दांना मोअर-मोस्ट. क्ले-व्हरसारख्या दोन उच्चारखंडांच्या शब्दांचा मला अजून भरवसा नाही. क्लेव्हरर आणि मोअर क्लेव्हर दोन्ही चालतात म्हणे.

उच्चाराची एक गंमत: लाँगमध्ये शेवटचा ग नीट ऐकू येत नाही, पण लाँगरमध्ये तो ठसठशीत येतो. यंगर, स्ट्राँगरचंही तसंच. सरावाला वाक्य घेतलं, 'द गोदावरी इज लाँगर दॅन द कृष्णा.' गोदावरी 1465 किलोमीटर, कृष्णा साधारण 1400. नद्यांच्या नावाआधीचा द दोनदा विसरलो.

या आठवड्याचा खरा आनंद वेगळाच. इंग्रजीतला 'एस्ट' आणि आपल्या ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला 'इष्ठ' एकाच कुळातले! संस्कृतातल्या स्वादिष्ठचा मूळ अर्थ सगळ्यांत गोड, आणि स्वीटेस्ट हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. आपण भाजीला सर्रास स्वादिष्ट म्हणतो आणि ती कुठल्या भाज्यांहून सरस, हे विचारतही नाही. श्रेष्ठमध्येच सगळ्यांत चांगला हा अर्थ आहे, तरी आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो. मग माझ्या मोअर बेटरला लेकीनं एवढं हसायला नको होतं.

फ्यूअर आणि लेस या दोन 'कमीं'मध्ये अजून अडखळतो. पोती एक-दोन अशी मोजता येतात म्हणून फ्यूअर, ओल तशी एक-दोन मोजता येत नाही म्हणून लेस, असं सध्या घोकतोय.

परवा पावसात भिजलेला माल आला. खरेदीदाराला बरोबर शेपूट लावून सांगितलं, "धिस लॉट इज वेटर." मागून हमालमामा म्हणाले, "मुनीमजी, वेटर कशाला? मीच आणतो की चहा."