अकराची मीटिंग अकरालाच सुरू व्हावी म्हणून

मीटिंग उशिरा सुरू झाली की खापर लोकांच्या आळसावर फोडलं जातं. मीही तेच करत होतो. मग दोन आठवडे वहीत तीन रकाने आखले: निमंत्रणातली वेळ, पहिला मुद्दा खरोखर सुरू झाला ती वेळ, आणि उशिरा आलेला माणूस त्याआधी कुठे होता. उत्तर तिसऱ्या रकान्यात होतं. बहुतेक जण आधीच्या मीटिंगमधूनच धावत येत होते. दहा ते अकरा एक, अकरा ते बारा दुसरी. मधल्या जिन्याला आणि पाण्याच्या घोटाला शून्य मिनिटं.

म्हणून आधी कॅलेंडर दुरुस्त केलं. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये ‘स्पीडी मीटिंग्ज’ चालू केलं की अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची लागते. आउटलुकमध्ये मीटिंग लवकर संपवायची की उशिरा सुरू करायची, हेही निवडता येतं. मला दुसरा पर्याय जास्त उपयोगी पडला. १०:५० ला संपायची मीटिंग हमखास अकरापर्यंत रेंगाळते. ११:०५ ची मात्र कोणी अकराला सुरू करत नाही. एक मेख आहे. ही सेटिंग फक्त नव्याने लावलेल्या मीटिंगना लागू होते. दर आठवड्याच्या जुन्या मीटिंग हाताने बदलाव्या लागतात, आणि घोळ नेमका त्यांचाच असतो.

रिमाइंडर दोन मिनिटं आधीचा ठेवतो, दुसऱ्या मजल्यावर जायचं असेल तर पाच. पंधरा मिनिटं आधी वाजलेला रिमाइंडर माणूस ‘अजून वेळ आहे’ म्हणत बंद करतो आणि एका मेलमध्ये अडकतो.

मीटिंग ज्याने बोलावली त्याने आठ मिनिटं आधी खोलीत असायलाच हवं, कारण तारांचा आणि आवाजाचा गोंधळ तेवढा वेळ खातोच. लॅपटॉपला एचडीएमआय केबल जोडली की आवाज बरेचदा गुपचूप टीव्हीकडे वळतो. खोलीतल्यांना समोरचे लोक दिसतात, पण टेबलावरचा स्पीकर गप्प. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो स्पीकर पुन्हा निवडायचा. मॅकवर पहिल्यांदाच स्क्रीन शेअर करायची असेल तर परवानगी दिल्यावर ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागू शकतं. हे सगळ्यांसमोर करायची वेळ आणू नये. शेवटी ऑनलाइन लॉबी, म्हणजे आत घेतलं जाण्याची वाट बघणाऱ्यांची यादी, बघायची. तिथे कोणीतरी ताटकळत असतं आणि आपण त्यालाच उशिरा आलेला समजतो.

दंडाचा डबा ठेवू नका. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला होता. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उशीर वाढला, आणि दंड काढल्यावरही उतरला नाही. पैसे भरले की उशीर विकत घेतल्यासारखं होतं.

त्यापेक्षा उजळणी बंद करा. आठ जण सात मिनिटं थांबले तर ५६ मिनिटं गेली, वर उशिरा आलेल्यासाठी सगळं पुन्हा सांगायचं म्हणजे वेळेवर आलेल्यांनाच शिक्षा. चर्चेची टिपणं स्क्रीनवर उघडी ठेवायची. मागाहून आलेला वाचून घेतो. पहिला मुद्दाही खराखुरा निर्णयाचा हवा. हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात होते हे कळलं, की लोक तेवढी मिनिटं हिशेबात धरूनच येतात.

उरले साहेब. त्यांच्याशिवाय सुरू करायला कोणी धजत नाही, हे खरं दुखणं. त्यांना आदल्या दिवशी सरळ विचारायचं, “सर, तुम्हाला यायला उशीर झाला तर सुरुवात कोणी करायची?” मिळालेलं नाव निमंत्रणातच लिहायचं आणि त्यांच्या होकाराचे मुद्दे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ढकलायचे. सगळेच मुद्दे त्यांच्या होकाराचे असतील आणि ११:१५ पर्यंत ते आले नाहीत, तर मीटिंग रद्द; नवी वेळ तिथेच ठरवून सगळ्यांनी उठायचं.