टाकीचं झाकण

मे महिन्याच्या तपासणी कार्डावर माझ्याच अक्षरात 'ओके' आहे, आणि जुलैत परळच्या त्या सोसायटीत तोच जनरेटर पाच मिनिटांत बंद पडत होता. पाणी मीटरच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकलेलं. हिंदमाताच्या आसपास हे दरसालचं, म्हणूनच त्यांनी उपसायचा पंप आणि 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेऊन ठेवलाय.

पाऊस लागू नये म्हणून मशीन जिन्याखाली लावलेलं. आधी ते बाहेर पत्र्याखाली काढायला लावलं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जिना म्हणजे वरच्या घरांपर्यंत गेलेलं धुराडंच. किती वेळा सांगितलं तरी लोक हे करतातच.

"अहो, मे महिन्यात तुम्हीच चेक केलंत ना?" सेक्रेटरी काका म्हणाले.

केलं होतं. नवं ऑइल काठीच्या वरच्या खुणेपर्यंत, साधारण 600 मिली. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, ऑइलचा हात देऊन बसवलेला. ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची गॅप 0.7 मिलिमीटर. कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी रिकामी केलेली, कारण पेट्रोलमधलं इथेनॉल मुंबईच्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि ते वाटीच्या तळाशी बसतं. शेवटी दहा मिनिटं चालवून पाहिलं, सुरळीत चाललं.

या खेपेला माझ्याआधी कोणीतरी नवा प्लग घालून गेला होता. इंजिन बंद पडलं की प्लग बदलायचा, या सवयीने गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. इंजिन निवल्यावर मी प्लग काढला. टोक कोरडं, म्हणजे सिलिंडरपर्यंत पेट्रोलच पोचत नव्हतं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, तरी वाटीचा स्क्रू सैल केल्यावर नुसते थेंब. झाकण फिरवलं, 'सुस्स' करत हवा आत गेली आणि खाली धार लागली.

झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं होतं. हिवाळ्यात इमारतीचं रंगकाम झालं, त्याची पांढरी भुकटी पेट्रोलच्या चिकट्यात मिसळून खडूसारखी घट्ट झालेली. क्लच केबलची एक तार काढून ते मोकळं केलं. पंप जोडला, तासभर मशीन थांबलं नाही.

मग मे महिन्यात का चाललं? तेव्हा टाकीत जेमतेम लिटरभर पेट्रोल होतं, वर हवाच हवा. दहा मिनिटांत, तेही लोडशिवाय, इंजिनाने ओढलं ते शंभर मिलीच्या आसपास. एवढ्याने आतला दाब फारसा उतरत नाही. जुलैत टाकी काठोकाठ, हवा नावापुरती. थोडं पेट्रोल गेलं की निर्वात तयार, पुरवठा बंद, आणि वाटीतलं संपलं की इंजिन गप्प. थोड्या वेळाने हवा झिरपली की पुन्हा सुरू.

छिद्र मे महिन्यातही बुजलेलंच असणार. आता टाकी तीन चतुर्थांश भरून, झाकण घट्ट लावून, दोन हॅलोजनचा लोड देऊन अर्धा तास चालवतो. कार्डावर झाकणाचा रकाना छापलेला नाही, तो पेनाने आखून घेतो.