धुऱ्यापलीकडची गाडी

घाटंजीला माझं झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म आणि आरटीओची कामं. मी एजंट नाही, फक्त फॉर्म भरून देते, हे दहा वर्षांपासून सांगून राहिले आणि दहा वर्षांपासून लोक मला 'आरटीओवाली ताई' म्हणतात. आता मीही नाद सोडला.

भिंतीवर मी एक कागद चिकटवला आहे. सरकारी फी डावीकडे, माझे पैसे उजवीकडे. नवी मोटारसायकल घेणारे पोट्टे शोरूमचं कोटेशन घेऊन येतात, त्यांना मी आधी तो कागद वाचायला लावते. दुचाकीची नोंदणी फी ३०० रुपये, आरसीच्या, म्हणजे नोंदणीच्या कार्डाचे २००, कर्जाची गाडी असेल तर आरसीवर बोजा चढवायचे ५००. मोठा आकडा असतो तो टॅक्सचा, ९९ सीसीपर्यंत किमतीच्या १० टक्के, त्याच्यावर ११, आणि ३०० सीसीच्या गाड्या आमच्याकडे घेतं कोण? पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाही त्यातच येतो, २०१८ पासून तो सक्तीचा आहे. एवढं जमवूनही कोटेशनमध्ये दोन-तीन हजार उरत असतील, तर ते कशाचे हे शोरूमवाल्यालाच विचारा, आणि पावती मागा, असं मी सांगते. पावती मागितली की आकडा बऱ्याचदा खाली येतो.

पण ही गोष्ट नव्या गाडीची नाही. पोळा होऊन तीन आठवडे झाले होते, २०२५ चा सप्टेंबर. पाऊस रात्रभर पडून सकाळी थांबला होता. दुकान उघडून उदबत्ती लावली तोच एक कास्तकार काकाजी आले. धोतर नाही, पँट, पण खांद्यावर दुपट्टा. दारात लावलेली काळी गाडी मी पाहतच राहिले. पंधरा वर्षांची गाडी, पण टाकीवर ओरखडा नाही, सीटवर शिवलेलं कव्हर, आणि हेडलाइटवर पोळ्याचं हळद-कुंकू अजून पुसलेलं नव्हतं. बैलांसोबत गाडीचीही पूजा करणारे लोक आमच्याकडे आहेत.

"ताई, आक्टोबरात पंधरा वर्ष होते. पुन्हा पासिंग करा लागते म्हणे."

बरोबर होतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो. मी फी सांगितली. नूतनीकरणाचे १०००, कार्डाचे २००, पर्यावरण कर पाच वर्षांचा २०००. शिवाय नवी सुरक्षा नंबरप्लेट, जीएसटीसकट ५३१.

काकाजींनी पॉलिथिनच्या पिशवीतून एक पावती काढली. २०१० ची, नोंदणी फी ६० रुपये.

"साठाचे हजार कसे झाले बाप्पा?"

मी सांगितलं, डिसेंबर २०१६ मध्ये साठाचे तीनशे झाले, आणि पंधरा वर्षं झालेल्या दुचाकीला एप्रिल २०२२ पासून हजार आहेत. त्यांनी पावतीची घडी जशीच्या तशी घातली. "म्हंजे म्हातारपणाचा दंड," म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

आता माझी एक सवय. जुनी गाडी यवतमाळच्या आरटीओत न्यायच्या आधी मी चेसिस नंबरची, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या नंबरची, पेन्सिल प्रिंट इथंच घेते. तिथं इन्स्पेक्टर साहेब गाडी तपासतात आणि नंबर वाचता आला नाही तर माणूस परत येतो, त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मी रॉकेलचा बोळा घेऊन बाहेर गेले. हँडल डावीकडे वळवलं, मानेच्या उजव्या बाजूचं ग्रीस पुसलं, पातळ कागदाची पट्टी चिकटपट्टीनं बसवली आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागले. हे काम मला आवडतं. काळ्या शिशातून एकेक पांढरं अक्षर वर येतं, हळद लागलेल्या नवरीसारखं सावकाश. सतरा अक्षरं. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. ओ लिहिलेला कागद कोणी आणला की चूक कागदाचीच, हे मला तेवढ्यानंच कळतं.

पट्टी आत आणून आरसीवर ठेवली. बारा अक्षरं जुळली. शेवटचे पाच आकडे पट्टीवर ०४७६१, आरसीवर ०४७१६.

टायपिंगची चूक. सहा आणि एक उलटले, दुसरं काय. असं मनाशी म्हणत इंजिन नंबर पाहायला पुन्हा बाहेर गेले, गुडघे टेकून चिखल खरवडला. इंजिनचा नंबर तर आरसीशी अजिबातच जुळत नव्हता. आकडे उलटले असते तर एक नंबर चुकला असता, दोन्ही नाही. म्हणजे कागद बरोबर होता आणि दारात उभी होती ती वेगळीच गाडी.

मी काही बोलायच्या आधीच माझा चेहरा पाहून काकाजी उठले.

"चोरीची हाय का? मी पंधरा वर्ष चोरीची गाडी चालवून राह्यलो का, ताई?"

"बसा तुम्ही आधी." पाणी दिलं. शोरूमची पावती पाहिली, विम्याचे कागद पाहिले. माणूस इतका टापटिपीचा की दरवर्षीचा विमा होता, एकही वर्ष खाडा नाही. शेवटचा थर्ड पार्टीचा, ७१४ रुपये अधिक जीएसटी. पॉलिसीवर चेसिस तोच, ०४७१६. आणि आरसीवर फायनान्सचा बोजा अजून तसाच, कर्ज २०१३ लाच फिटलेलं. हे मात्र सगळ्यांचंच असतं. शेवटचा हप्ता भरला की लोक पेढे वाटतात आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ विसरतात.

मग मला पावतीची तारीख दिसली. दसऱ्याची होती.

"काकाजी, त्या दिवशी तुमच्यासोबत आणखी कोणी गाडी घेतली होती का?"

काकाजी बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "होता एक."

"कोण?"

"होता. आता नाही बोलत आमी."

ते नाव काढायला मला अर्धा तास आणि दोन चहा लागले. दोघांची वावरं लागून, मध्ये एकच धुरा, म्हणजे बांध. तेव्हा दोस्ती अशी, की दसऱ्याला एकाच ऑटोत बसून दोघं शोरूमला गेले आणि एकाच रंगाची, एकाच मॉडेलची गाडी घेऊन आले. सहा वर्षांपूर्वी धुऱ्यावरच्या बोरीच्या झाडावरून वाजलं. मोजणी आणली, खुंट रोवले, खुंट उपटले. आता एकाच्या घरी मयत झाली तर दुसरा स्मशानात लांब उभा राहतो.

नाव ऐकल्यावर मला हसू आलं ते मी दाबलं. तो माणूस म्हणजे आमच्या गल्लीत दूध घालणारे भाऊ. मी फोन लावला. खोटं काही बोलले नाही. "भाऊ, तुमच्या गाडीची मुदतही ऑक्टोबरात संपते. कागद घेऊन या."

दुपारी आले. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, सीट फाटलेली, सायलेन्सर तारेनं बांधलेला, इंडिकेटर फक्त एक. आत काकाजींना पाहिलं आणि पायरीवरूनच वळले.

"थांबा," मी जरा जोरातच म्हटलं. "गाडी सोडा इथं पाच मिनिटं. बोलू नका कोणाशी, बोलायला कोण सांगते?"

या गाडीवर रॉकेलचा अर्धा डबा गेला. प्रिंट निघाली. ०४७१६.

काउंटरच्या काचेवर मी दोन आरसी ठेवल्या, दोन पट्ट्या ठेवल्या, आणि पट्ट्यांची अदलाबदल केली. दोघंही वाकून पाहत होते, डोकी एकमेकांना लागायची बाकी होती.

"काहून बाप्पा," दूधवाले भाऊ म्हणाले, "हे माही गाडी हाय?" आणि बाहेरच्या चकचकीत गाडीकडे बोट केलं.

दसऱ्याच्या गर्दीत शोरूमच्या पोऱ्यानं हार घातलेल्या दोन काळ्या गाड्यांच्या चाव्या उलट्या दिल्या असणार. कागद दोघांचेही बरोबर. नंबर आल्यावर पेंटरनं ज्याच्या हातात जी आरसी, त्याच्या गाडीवर तो नंबर रंगवला. तेव्हापासून नाव, नंबर, विमा सगळं आपसांत जुळत होतं, म्हणून कुठे अडलंच नाही. न जुळणारं एकच होतं, लोखंड, आणि लोखंड पाहतो कोण? हिशेब लावत गेले तशी मला मजा वाटायला लागली. विम्याचे हप्ते भरले काकाजींनी, आणि विमा उतरत राहिला दूधवाल्या भाऊंच्या गाडीचा. त्यांनी स्वतः दहा वर्षांत एक रुपया भरला नव्हता. काकाजींची पूजेतली गाडी मात्र त्या हिशेबानं बिनविम्याची फिरत होती. कोणाला धडक बसली असती तर मजा वाटली नसती, हेही खरं. आता विमा नसल्याचा पहिला दंडच २००० आहे, नुकसानभरपाईचा आकडा वेगळा.

"आता ज्याची गाडी त्याले द्या लागन," काकाजी म्हणाले. आवाज पार बसला होता. त्यांचा हात सीटच्या कव्हरवर होता.

कागदानं पाहिलं तर ती गाडी भाऊंचीच होती. भाऊ तिच्याभोवती एक फेरी मारून आले. टाकीवर बोट फिरवलं. मी काउंटरमागे श्वास धरून उभी. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, काकाजींकडे नाही, "याले सांगा ताई, मले त्याची धुतलेली गाडी नाही पाह्यजे. मी त्याच्या गाडीवर पंधरा वर्ष दूध वाह्यलं, तिची हाडं मोडली. कोनत्या तोंडानं वापस देऊ? कागद बदलवा."

मग पंक्चरवाल्याकडून पाना आणला आणि माझ्या दुकानासमोर दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट काढून आपापल्या चेसिसवर लावल्या. नशीब एवढंच, की नवी प्लेट दोघांनीही अजून बसवली नव्हती. तिचं स्नॅप लॉक पान्यानं निघत नाही, कापावंच लागतं. काकाजींना एकच वाईट वाटलं. त्यांच्या नंबरची बेरीज नऊ होती, आता दहा.

पुढचं काम नियमाप्रमाणे सोपं आणि प्रत्यक्षात लांबलचक. यवतमाळला दोघांचा लेखी अर्ज दिला. साहेबांनी दोन्ही गाड्या एकाच दिवशी मागवल्या, स्वतः वाकून नंबर वाचले, आणि "अशी केस पहिल्यांदाच" एवढंच म्हणाले. काकाजींच्या बोज्याची एनओसी जुनी झालेली. फायनान्सवाल्यांनी नवं पत्र द्यायला बारा दिवस घेतले. नूतनीकरण झालं. मग फॉर्म २९ आणि ३०, दोनदा, कारण यात दोघंही विकणारे आणि दोघंही घेणारे. दुचाकी नावावर करायची फी नोंदणीच्या निम्मी, १५० रुपये. किंमत किती लिहायची विचारल्यावर दोघांनी एकदमच "सारखीच" म्हटलं आणि दोघंही दचकले.

खरी गंमत ओटीपीची. विकणाऱ्याच्या मोबाइलवर एक, घेणाऱ्याच्या मोबाइलवर एक. काकाजींना चष्मा सापडेना. भाऊंचा फोन इतका फुटलेला की आकडे अर्धेच दिसत. मी कीबोर्डवर हात ठेवून बसलेले.

"चार... आठ..." काकाजी भिंतीकडे तोंड करून वाचत होते.

"आठ का शून्य?" भाऊंनी विचारलं. मला नाही, त्यांना.

"आठ."

"मंग पुढं सांग ना."

तोवर वेळ संपली. नवा ओटीपी मागवला. काकाजींनी फोन सरळ भाऊंच्या हातात दिला आणि भाऊंनी आपला त्यांच्या हातात. चार ओटीपी झाले, तेव्हा बाहेर अंधार पडला होता. सहा वर्षांनंतर त्यांच्यात जे बोलणं झालं, ते एवढंच.

झाडाची केस तहसीलमध्ये आहे तशीच आहे. त्यात मी पडले नाही.

दिवाळीनंतर दोघांच्या पावत्या, विमा आणि एनओसीच्या फायली मी तयार करून ठेवल्या. दूधवाले भाऊ घ्यायला आले. स्वतःची काखेत मारली आणि दुसरीकडे पाहून म्हणाले, "त्याचीबी द्या. तिकूनच जातो मी."

कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर मी रजिस्टरमध्ये सही घेते. एक रकाना आहे, 'मालकाशी नाते'. लोक मुलगा, भाऊ, जावई लिहितात. भाऊंनी पेन हातात घेतला, रकान्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि लिहिलं : धुरेकरी.