चोर्ला घाटातल्या धुक्यासाठी

आज खानापुरात भावाच्या जुन्या जीपला फॉग लॅम्प लावले. 55 वॅटचे दोन, म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर; म्हणून रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि 15 अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीला लागूनच. तारा जोडायला घेतल्या तर शेजारचे काका म्हणाले, "पीळ मार, टेप गुंडाळ, झालं की!" जांबोटीच्या पावसात ती टेप टिकली तर नशीब. सोल्डरवरही माझा भरवसा नाही. कथील तारेत वर चढतं, तिथं ती ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथंच तुटते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेला निळा कनेक्टर (तारा आत घालून दाबायची नळी), पूर्ण दाबेपर्यंत न सुटणाऱ्या रॅचेटवाल्या पक्कडनं दाबायचा (पक्कड महाग, पण साध्या पक्कडनं नुसता चपटा होतो), मग जोर लावून ओढायचं. सुटला तर कापून नवा. वरून गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी.

उद्या मागचे दिवे. काका टेप घेऊन येणार म्हणालेत.