कंपाउंड बोची साईट: पिना मोजण्याआधी काय तपासायचं

२०२३ मध्ये नागपूरच्या तिरंदाज ओजस देवतळेने कंपाउंड बोवर, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्यावर, बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं पटकावली. त्या पातळीवर साईट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) म्हणजे लांब दांडी, तिच्या टोकाला भिंग बसवलेला स्कोप आणि मध्ये एकच बिंदू. नवा कंपाउंड बो मात्र अनेकदा तयार किटमध्ये येतो आणि त्यावर तीन किंवा पाच पिनांची (टोकाला चमकता ठिपका असलेल्या, नेम धरायच्या बारीक काड्यांची) हंटिंग साईट आधीच बसवलेली असते. ती ठेवायची की बदलायची, आणि बदलायची तर काय बघून, एवढाच हा विषय आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबाची जंगलं एवढ्या जवळ असलेल्या नागपुरात ही बंदी मनापासून पाळली गेली पाहिजे. या साईटचा उपयोग इथे फक्त टार्गेटवर आणि फोमच्या प्राण्यांवर. निवडीचा सगळा हिशोबही त्यामुळेच बदलतो. ही साईट अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीसाठी घडली आहे: अंतर आयत्या वेळी ठरणार, उजेड पहाटेचा, आणि बाण आठ-दहा इंचांच्या भागात लागला तरी काम झालं. आपल्याकडे अंतर ठरलेलं, उजेड भरपूर, आणि ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटर, त्यातलं एक्स नावाचं आतलं वर्तुळ ४ सेंटिमीटर.

म्हणून पिना किती, हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. पहिला प्रश्न, साईट हलते का? डोळ्यापासून पिन साधारण ९० सेंटिमीटरवर असते. पिन १ मिलिमीटर सरकली तर ५० मीटरवर बाण साडेपाच सेंटिमीटर सरकतो, १८ मीटरवर जेमतेम दोन. अर्धा मिलिमीटर ढिल हाताला जाणवतही नाही, पण ५० मीटरवर ती पावणेतीन सेंटिमीटर होते. दुकानात साईट हातात घ्या, सगळे स्क्रू आवळा, एका हाताने बैठक धरा आणि दुसऱ्या हाताने पिनांचं कडं चारी बाजूंनी दाबून बघा. टक्‌ असा आवाज आला किंवा कडं परत जागेवर येताना रेंगाळलं, तर ती साईट नको. प्लॅस्टिकच्या कड्यात हे जास्त दिसतं, ॲल्युमिनियमच्या अखंड कातलेल्या साईटमध्ये कमी.

सरकती एक-पिन साईट घेत असाल तर आणखी एक चाचणी. चाक फिरवून खूण वरून ५० वर आणा, तीन बाण मारा. मग खालून ५० वर आणा, पुन्हा तीन मारा. दोन गट वर-खाली वेगळे पडले तर दातऱ्यांमध्ये ढिल आहे. थोडी ढिल बऱ्याच साईटमध्ये सापडते; तेव्हा नेहमी एकाच दिशेने खुणेवर यायची सवय लावा. लॉकचा स्क्रू आवळताना पिन सरकत असेल तर मात्र त्यावर उपाय नाही.

दुसरा प्रश्न पाणसळीचा, म्हणजे कड्यातल्या बबलचा. स्वस्त साईटवर तो चिकटवलेला असतो आणि हलवता येत नाही. धनुष्य १ अंशाने कललं, तर सेकंदाला २८० फूट वेगाच्या बाणाला ५० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटरचा फटका बसतो, १८ मीटरवर फक्त ४ मिलिमीटरचा. म्हणून चुकीचा बबल आखूड अंतरावर लपून राहतो आणि ५० मीटरवर गेल्यावर माणूस स्वतःच्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याला, दोष देत बसतो. तपासायला धनुष्य शिकंज्यात कापड घालून हलक्या हाताने धरा, ओळंबा सोडा, साईटचा उभा दांडा ओळंब्याच्या दोरीशी समांतर करा. बबल मधोमध हवा. नसेल तर सेकंड ॲक्सिसचा (कडं डावी-उजवीकडे कलवणारा) स्क्रू ढिला करून कडं फिरवा. असा स्क्रूच नसलेली साईट मी कोणालाही सुचवणार नाही. थर्ड ॲक्सिस, म्हणजे कडं दारासारखं पुढे-मागे फिरवायची सोय, लागते ती चढ-उतारावर मारताना. सपाट मैदानावर त्यासाठी जास्त पैसे घालू नका. टेकडीवर फील्ड किंवा थ्री-डी (फोमच्या प्राण्यांवरची स्पर्धा) खेळणार असाल तर घाला. तो जुळवताना धनुष्य पूर्ण ताणून वर-खाली रोखावं लागतं, आणि ते बाण लावून, समोर बट (बाण अडवणारी टार्गेटमागची जाड पाटी) असतानाच करायचं. रिकामी दोरी सुटली तर लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा, फुटू शकतात.

आता पिनेची जाडी. बाजारात ०.०१०, ०.०१९ आणि ०.०२९ इंच अशी मापं दिसतात. वरच्याच हिशोबाने ५० मीटरवर त्या अनुक्रमे १.४, २.७ आणि ४.१ सेंटिमीटर भाग झाकतात. ०.०२९ ची पिन म्हणजे अख्खं एक्स गायब. कमी उजेडात ती चमकते, म्हणून शिकारीसाठी चांगली. नागपूरच्या सकाळी नऊनंतरच्या उन्हात तिच्याभोवती प्रकाशाचं फूल उमलतं आणि पिन आणखी जाड दिसते. ०.०१० ची बारीक पिन ढगाळ संध्याकाळी हरवते. माझ्या मते ०.०१९ ठीक. ऊन तापल्यावर पिनेला उजेड पुरवणाऱ्या फायबरच्या गुंडाळीवर काळी इलेक्ट्रिक टेप थोडी थोडी चढवत जा, पिनेचा ठिपका रेखीव होईपर्यंत.

पिना किती? ठरलेल्या अंतरावर मारणाऱ्याला एक पुरे. सरकती एक-पिन घ्या. किटमधलीच साईट वापरायची असेल तर बाकीच्या पिना काढून एकच कड्याच्या मध्यावर ठेवा. पाच पिनांच्या गर्दीत तिसरीऐवजी चौथी पिन धरली जाणं ही नवख्याची नेहमीची चूक असते आणि बाण बराच वर जातो. वेगवेगळ्या अंतरांचा सराव करायचा असेल तर २०, ३०, ४०, ५० मीटरच्या चार पिना ठेवा. आधी सर्वांत वरची जुळवा, मग सर्वांत खालची, मग मधल्या. बाण जिकडे लागतो तिकडे साईट न्यायची: खाली लागला तर पिन खाली, डावीकडे लागला तर डावीकडे. चारही बसल्यावर त्यांच्यातली अंतरं बघा. सेकंदाला २८० फुटांच्या धनुष्यावर ती साधारण ४.५, ५.३, ५.६ मिलिमीटर अशी वाढत जातात. खालचं अंतर वरच्यापेक्षा कमी दिसलं तर कुठली तरी पिन चुकली आहे. हळू धनुष्यावर, म्हणजे २२० फुटांच्या आसपास, हीच अंतरं ८-९ मिलिमीटर होतात आणि पाचवी पिन कड्याच्या काठाला टेकते.

आणखी एक अडचण यार्डांची. सरकत्या साईटवर अंतर दाखवणाऱ्या छापील पट्ट्या बहुतेक यार्डांत असतात. १८ मीटर म्हणजे १९.७ यार्ड, ३० म्हणजे ३२.८, ५० म्हणजे ५४.७. पट्टीवर ५० लिहिलंय म्हणून तिथे लावून मारलं तर बाण खाली जातो. कोरी पट्टी लावून स्वतःच्या मीटरच्या खुणा करणं उत्तम.

पीप, म्हणजे धनुष्याच्या दोरीत बसवलेली छिद्राची चकती, विसरू नका. पूर्ण ताणल्यावर पीपच्या छिद्रात कड्याची बाहेरची कड नेमकी भरलेली दिसली पाहिजे, मधे बारीक उजेडाची रेघ ठेवून. कडं लहान आणि पीप मोठा असेल तर डोळा दर वेळी वेगळ्या जागी बसतो. पीप १/८, ३/१६, १/४ इंचांत मिळतो. दांडी पुढे-मागे होणारी साईट असेल तर त्यानेही जुळवता येतं. बहु-पिन साईटवरही कडंच मध्यात ठेवा, पिन नाही.

बसवताना सर्वांत जास्त नुकसान बोल्टमुळे होतं. राइझरवरच्या (धनुष्याच्या मधल्या धातूच्या भागावरच्या) साईटच्या दोन छिद्रांचे आटे १०-२४ या इंची मापाचे असतात. एक बोल्ट हरवला की इतवारी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून एम-५ आणून ठोकून बसवला जातो. तो दोन फेरे जातो, मग ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि राइझरच बाद. एलन की (षटकोनी पाना) सुद्धा इंची घ्या. ३/३२ च्या खाचेत २ मिलिमीटरची की फिरते आणि खाच गोल करते, अडीचची आत जातच नाही. बसवल्यावर बोल्टला निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब आणि पांढऱ्या पेंटने बोल्टवरून राइझरवर जाणारी रेघ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला, एवढं नजरेनेच कळतं.

स्पर्धेत उतरणार असाल तर साईटवरचा बॅटरीचा छोटा दिवा काढून ठेवा. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांत साईटवर इलेक्ट्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक काही चालत नाही, अंतर मोजणारी साईट तर नाहीच. हंटिंग धनुष्य ७० पौंड ताणाचं असेल तर तेही ६० पर्यंत उतरवावं लागेल, आणि ताण बदलला की सगळ्या पिना नव्याने.

मे महिन्यात पारा ४५ वर असताना धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. पट्टीचा गोंद सुटतो, फायबर पिनेच्या नळीतून मागे सरकतं, आणि द्रव फुगल्याने बबल एवढा लहान होतो की मध्य ओळखणं अवघड. पट्टीवर आज काय खुणा आहेत त्या वहीत अंतरासह, आणि बाणाचं वजन, ताण यांच्यासह लिहून ठेवा, म्हणजे पट्टी गळून पडली तरी नवी लावता येईल.