आमची वाटचाल : जुन्या फॉक्सप्रोच्या मेनूतून उभा राहिलेला व्यवसाय

आमच्या छोट्या कंपनीची सुरुवात फॉक्सप्रो या टेबलांतली माहिती हाताळणाऱ्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत हिशेब, साठा आणि पगारपत्रक यांची सॉफ्टवेअर लिहून देण्यापासून झाली. आजही आमच्या कामाचा मोठा भाग अशाच जुन्या प्रणाली सांभाळण्याचा आहे. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, २००४ च्या अखेरीस फॉक्सप्रोचे पुढचे रूप असलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९.० ही आवृत्ती आली, २००७ मध्ये यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलेसुरले अधिकृत साहाय्यही थांबले. या काळात बहुतेक प्रोग्रामर दुसऱ्या भाषांकडे वळले आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु त्यांनी लिहिलेले प्रोग्राम रोजच्या कामात चालूच राहिले आणि काही अडले तर विचारायला कोणी उरले नाही. नवी प्रणाली विकण्यापेक्षा असलेली प्रणाली नीट समजून घेऊन चालती ठेवावी, असे आम्ही तेव्हा ठरवले आणि हळूहळू तोच आमचा व्यवसाय झाला.

आमच्याकडे येणाऱ्या पहिल्या तक्रारी बहुधा मेनूच्या असत. त्याचे कारण सरळ आहे : वापरणाऱ्याला प्रणालीचा जो भाग रोज दिसतो तो मेनू, आणि कंपनीत कोणाला काय करण्याची मुभा आहे हे नियमही बहुतेक ठिकाणी मेनूच्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेले असतात. मेनूची आखणी एमएनएक्स फाइलमध्ये असते, तिच्यावरून जेनमेनू हा प्रोग्राम एमपीआर ही स्क्रिप्ट तयार करतो आणि प्रत्यक्षात चालते ती तिच्यापासून संकलित (कंपाइल) झालेली एमपीएक्स फाइल. दुरुस्तीला बसणाऱ्याने या तीन पायऱ्या वेगळ्या ओळखल्या नाहीत, तर तो भलत्याच फाइलवर वेळ घालवतो. कोणी घाईने एमपीआरमध्ये हाताने बदल केला असेल, तर पुढच्या वेळी मेनू नव्याने तयार होताच तो बदल पुसला जातो. उलट ‘सेट डेव्हलपमेंट’ ही सेटिंग बंद असेल, तर स्क्रिप्ट बदलली तरी फॉक्सप्रो तारखा पडताळत नाही आणि जुनीच एमपीएक्स चालवत राहतो. ‘दुरुस्ती केली, पण फरक काहीच पडला नाही’ असे ग्राहक सांगतो तेव्हा आम्ही कोड वाचण्याआधी या तिन्ही फाइलींच्या वेळा पाहतो.

ज्या एका तक्रारीने आमच्या कामाची पद्धत घडवली, ती येथे थोडी सविस्तर सांगतो. एका ग्राहकाकडे मुख्य मेनू सकाळी व्यवस्थित चालत असे, परंतु बिलाचा फॉर्म उघडा असताना ‘व्यवहार’ या शीर्षकावर क्लिक केले की अलायस, म्हणजे उघड्या टेबलचे कामापुरते नाव, सापडत नसल्याचा संदेश येई. फॉर्म बंद केला की सर्व सुरळीत होई. आधीच्या सेवा पुरवठादाराने संगणक आणि नेटवर्क दोन्ही बदलायला सुचवले होते. आम्ही स्क्रिप्ट उघडली तेव्हा ‘बिल रद्द करा’ या ओळीच्या ‘स्किप फॉर’ अटीत (ही अट खरी ठरली की मेनूतील ती ओळ निष्क्रिय होते) वापरकर्त्यांच्या टेबलमधील अधिकाराचा रकाना थेट तपासलेला आढळला. ही अट मेनू तयार होताना एकदा तपासून संपत नाही; मेनू उघडताना ती पुन्हा तपासली जाते, आणि तीही त्या क्षणी चालू असलेल्या डेटा सेशनमध्ये, म्हणजे उघड्या टेबलांच्या त्या वेळच्या संचात. बिलाच्या फॉर्मला स्वतःचे खासगी डेटा सेशन होते आणि त्यात वापरकर्त्यांचे टेबल उघडलेलेच नव्हते. म्हणून दोष ना नेटवर्कचा होता, ना बिलाच्या फॉर्मचा. चुकीच्या ठिकाणी विसंबलेल्या त्या एका अटीचा होता.

दुरुस्ती लहान होती. लॉगिन होतानाच त्या व्यक्तीचा अधिकार ॲप्लिकेशनच्या एका सार्वजनिक ऑब्जेक्टमध्ये ठेवला आणि अट त्याच्याकडून उत्तर घेईल अशी व्यवस्था केली. लोकल व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामच्या एका भागापुरतेच मूल्य ठेवणारे नाव, वापरता आले नसते, कारण मेनूला ते दिसत नाही. मात्र एवढ्यावर थांबणे आम्हाला पटले नाही; ज्याने ही अट एका ठिकाणी लिहिली, त्याने ती दुसरीकडेही लिहिली असणार. येथे फॉक्सप्रोचा एक गुण फार उपयोगी पडतो, तो म्हणजे एमएनएक्स ही स्वतःच एक टेबल असते. ती ‘यूज’ या आदेशाने उघडता येते आणि साध्या ‘सिलेक्ट’ आदेशाने प्रत्येक ओळीचे शीर्षक, आदेश आणि स्किप फॉर अट एका खाली एक मांडता येते. त्या यादीत तसल्याच आणखी अटी निघाल्या आणि ग्राहकाला जाणवण्याआधीच आम्ही त्या दुरुस्त केल्या.

तेव्हापासून कोणतीही जुनी प्रणाली हाती घेताना पहिले काम हीच यादी काढण्याचे असते, आणि कामाचा अंदाज व मोबदला आम्ही त्यानंतरच सांगतो. ग्राहकाकडे मूळ फाइली उरलेल्या नसतील आणि फक्त चालता प्रोग्राम असेल, तरी तो आमच्या नियंत्रणाखाली चालवून ‘सीएनटीबार’, ‘गेटबार’, ‘पीआरएमबार’ आणि ‘एसकेपीबार’ या फंक्शनांनी मेनूतील ओळी व त्यांची स्थिती वाचता येते. हे कष्टाचे काम आहे, पण ते टाळून पुढे गेलेले आम्ही कोणाला यशस्वी झालेले पाहिलेले नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या प्रोग्रामरलाही आम्ही आधी टेबलांची रचना न देता मेनूची यादी देतो. कंपनीचा कारभार कसा चालतो हे तिच्यातून लवकर कळते.

जुनी प्रणाली कायम ठेवावीच, असा आमचा आग्रह नाही. फॉक्सप्रोच्या एका टेबल फाइलला २ जीबीची मर्यादा आहे आणि ज्यांचा डेटा तिच्या जवळ पोचला आहे, त्यांना आम्ही स्वतःहून नव्या प्रणालीवर स्थलांतराचा सल्ला देतो. डॉसवरील जुन्या आवृत्त्या ६४ बिटांच्या विंडोजवर एमुलेटरशिवाय, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामशिवाय, चालत नाहीत, हेही आधीच स्पष्ट करतो. सध्या आमचे सांभाळण्याचे आणि स्थलांतराचे असे दोन्ही प्रकारचे काम बरोबरीने चालू आहे. स्थलांतराच्या कामात एमएनएक्समधून काढलेल्या यादीवर ग्राहकाच्या विभागप्रमुखांना एकेका ओळीपुढे ही मुभा आजही कोणाला हवी आहे, ते लिहून द्यायला सांगतो आणि ते हाती आल्यावरच नव्या प्रणालीतील अधिकारांचे टेबल भरायला घेतो.