दिसला का तोरणा?

परवा सिंहगडावर झुंजार बुरुजापाशी एका मुलाने मोबाईल आडवा धरला आणि समोरच्या डोंगररांगेवरून सावकाश फिरवला. पडद्यावर डोंगरांच्या डोक्यावर नावं उगवली. राजगड. तोरणा. शेजारी उंची, अंतर. बरोबरचे 'भारी!' म्हणाले आणि सगळे ताकाच्या दिशेने निघाले. अर्ध्या मिनिटात उरकलं. मला का कोण जाणे, चांगलाच राग आला.

कारण हे काम आमच्याकडे काकांचं. आतकरवाडीतून चढायचं, वाटेत काकडीवाली मावशी दिसेल तिथे तिच्याकडे बसायचं, पुणे दरवाजातून आत शिरायचं, देवटाक्याचं गार पाणी प्यायचं, इथपर्यंत आम्ही स्वतंत्र. पण पिठलं-भाकरी मिळायची ती डोंगर ओळखून झाल्यावरच. काका त्यासाठी डिसेंबरातही छत्री घेऊन यायचे. पाऊस नाही, ऊन नाही, छत्री कशाला, असं काकू दर वेळी विचारायची. दाखवायला!

आम्हा पोरांना एकेक करून पुढे बोलावलं जाई. गाल काकांच्या बाहीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि छत्रीच्या दांड्यावरून नेम धरल्यासारखं बघायचं. बाहीला घामाचा आणि भिजलेल्या तंबाखूचा वास. "ते झुडूप सोड. त्याच्यावरून सरळ वर जा. अरे सरळ! तो वर टोपी घातलेला राजगड. आता उजवीकडे सरक, लांबलचक दिसतो तो तोरणा. आणि इकडे पार डावीकडे, लांब, पुरंदर. दिसला का?"

"दिसला."

दिसलेलं असायचं छत्रीचं टोक, आणि त्याच्यामागे निळसर असं बरंच काही. पण 'नाही दिसला' म्हणण्याची सोय नव्हती. म्हटलं की पुन्हा झुडपापासून सुरुवात. मागे रांगेत उभी असलेली भावंडं चिमटे काढायची. थोरल्या ताईने तर एकदा पाळी यायच्या आधीच "दिसला" सांगून टाकलं होतं.

धाकटीने एकदा विचारलं, "काका, तिकडची माणसं आपल्याला कशी ओळखतात?" काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "टॉवरवरून." हे मात्र शंभर टक्के खरं. आसपासच्या कुठल्याही गडावर जा, तिथे एक काका असतोच, आणि तो सगळ्यात आधी दूरदर्शनचा टॉवर दाखवून सिंहगड सांगून मोकळा होतो. सगळ्यांत सोपा आपला.

आत्याला या कार्यक्रमात रस नसे. ती पलीकडे, खडकवासल्याच्या पाण्याकडे तोंड करून बसायची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, तेव्हा ती शाळेत होती. "केवढंसं दिसतंय बघ इथून," एवढंच म्हणायची आणि भाकरी कधी येतेय ते विचारायची.

दहा किलोमीटरच्या आतलं काकांना काही दिसायचं नाही, हा माझा त्यांच्यावरचा जुना आक्षेप. तटावरच्या दगडावर हातभर अंतरावर युवराज येऊन बसायचा. काळाकुळकुळीत, पंख विटकरी, डोक्यावर ऐटबाज तुरा. नाव साजेसं आहे, पण चोच मारायचा ती आमच्या चिवड्याच्या सांडलेल्या पोह्यांवर. आता याच पाखरांसाठी लोक हातभर लांब कॅमेरे घेऊन गडाच्या पायथ्याशी पहाटेपासून दबा धरून बसतात. आम्हाला फुकट दिसायचा, आणि आम्ही एक डोळा मिटून तोरणा शोधत असायचो. एकदा तर छत्रीच्या मागून वानराने काकड्यांची अख्खी पिशवी उचलली आणि तो कड्यावर जाऊन बसला. काकांनी छत्री तिकडे वळवली खरी, पण तोवर तो बारा हात खाली उतरलाही होता. शाळेत आपण घोरपडीची गोष्ट ऐकतो. सभासद बखरीत मात्र मावळे वानरासारखे कडा चढून गेले असं आहे. त्या दिवशी बसल्या जागी ते पटलं.

हल्ली हे काम माझ्याकडे आलंय. छत्रीऐवजी सेल्फी स्टिक, ती भाच्याची. हवा धुरकट असते, पावसाळा संपता संपता चार-आठ दिवस काय ते स्वच्छ. तरी मी दाखवते. झुडूप, टोपी, उजवीकडे. पोरं "दिसला" म्हणतात. मला माहीत असतं आणि त्यांनाही माहीत असतं.

एकदाच मी उलट्या बाजूने पाहिलं आहे, राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून. सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर असेल. टॉवर लगेच सापडला. तेव्हा मनात आलं, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री इथे कुणालाही झुडपापासून सुरुवात करावी लागली नसणार. सभासद सांगतो, गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेला आग लावून उजेड केला, आणि महाराजांनी तो राजगडावरून पाहिला. एवढ्या लांबून कळणार काय, तर गड फत्ते झाला. तानाजी पडल्याची खबर घेऊन जासूद आला तो दुसऱ्या दिवशी. म्हणजे मधली सगळी रात्र राजगडावर आनंदातच गेली असणार.